साने गुरुजी : घरातल्या साध्या प्रसंगांची गोष्ट करणारे शिक्षक
(वास्तववादी बालकथेचे घटक समजून घेऊया)



मागच्या आठवड्यात आपल्या वर्गात कथालेखनाचा तास झाला. विषय मोकळा ठेवला होता. वह्या तपासायला घेतल्या तर बहुतेकांच्या गोष्टीत राजा होता, जादूची अंगठी होती, नाहीतर बोलणारा पोपट होता. एका मुलाने मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या मुलाची गोष्ट लिहिली होती. हा मुलगा स्वतः पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहतो. तुझ्या घरची गोष्ट का नाही लिहिलीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला की आमच्या घरात लिहिण्यासारखं काही घडतच नाही.

त्याचं उत्तर माझ्या मनातून जाईना. कारण मराठीतलं मुलांचं सर्वात जास्त वाचलं गेलेलं एक पुस्तक अशाच एका घरातून आलेलं आहे. त्या घरात कर्ज होतं, भाजीत मीठ घालायचं राहून जात होतं आणि आईच्या हातचा मारही मिळत होता. ते पुस्तक म्हणजे 'श्यामची आई' आणि त्याचे लेखक साने गुरुजी. आज आपण गुरुजींचे चरित्र पाहू. ते पाहता पाहता वास्तववादी कथा कशी तयार होते, तिचे घटक कोणते, हेही समजून घेऊ.

वास्तववादी कथा म्हणजे काय?

पंचतंत्रात सिंह बोलतो, परीकथेत छडी फिरवली की भोपळ्याची गाडी होते. या झाल्या कल्पनारम्य कथा. त्यांची मजा वेगळी. वास्तववादी कथेत मात्र आपल्या जगात घडू शकेल असंच घडतं. माणसं आपल्यासारखी चुकतात, भितात, रुसतात. अडचण आली तर ती जादूने सुटत नाही, कधी कधी तर सुटतच नाही. ही कथा खरीच घडलेली असावी लागते असं नाही, पण घडू शकेल अशी ती असली पाहिजे. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पालगड : स्थळ आणि काळ

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराण्याकडे खोती होती. कोकणात खोत म्हणजे गावचा सारा गोळा करणारा, मानाचा माणूस. पण पांडुरंग कळता होईपर्यंत घरातले वैभव ओसरले होते. खोताचे घर हे नाव राहिले आणि आत गरिबी आली. अशी गरिबी जास्त टोचते, कारण ती लोकांपासून झाकावी लागते.

आता 'श्यामची आई' उघडा. पहिल्यापासूनच कोकण दिसू लागते. विहिरीत पोहायला शिकणारी मुले, पानांची पत्रावळ, गोठ्यातली गाय, धो धो पाऊस आणि भरून वाहणारे ओढे. यातली कुठलीच गोष्ट शोभेसाठी आलेली नाही. कोकणात विहिरी खोल आणि पाऊस मोठा, म्हणून पोहता येणे गरजेचे. श्यामला पाण्याची भीती वाटते, म्हणून तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत पोहायला पाठवते. मराठवाड्यातल्या कोरड्या गावात ही गोष्ट अशी घडली नसती.

इथे आपल्याला पहिला घटक मिळाला, तो म्हणजे स्थळ-काळ. चांगल्या वास्तववादी कथेत गाव हे नुसते पाठीमागचे चित्र नसते. त्या गावामुळे आणि त्या काळामुळे घटना घडतात. तुमची गोष्ट पत्र्याच्या घरात घडत असेल तर पावसाचा आवाज, उन्हाळ्यातला उकाडा, शेजारच्या खोलीतला टीव्ही या गोष्टी आपोआप कथेत आल्या पाहिजेत.

आई आणि श्याम : पात्रे

परीक्षेत आपण नेहमी लिहितो की श्याम हा आज्ञाधारक, गुणी मुलगा होता. पुस्तक नीट वाचलं तर काय दिसतं? श्याम भित्रा आहे, पोहायला नको म्हणून दडी मारतो. पत्रावळ लावण्याचा त्याला कंटाळा आहे. फुलांच्या लोभाने तो कळ्याच तोडून आणतो. पुस्तकासाठी चक्क पैसे चोरतो. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच आहे! तो चुकतो, म्हणूनच त्याची गोष्ट होते. पहिल्या पानापासून शहाणा असलेल्या मुलाची गोष्ट पुढे सरकणार तरी कशी?

आईसुद्धा नुसती मायाळू नाही. ती मारते, रागावते, परिस्थितीने थकते, आजारी पडते. एका प्रसंगात गावातल्या एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. शिवाशिवीच्या भीतीने कोणी तिला हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. पण त्याच वेळी घरी आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते. नीट विचार करा. तिचं मन मोठं आहे, पण ती आपल्या काळातली बाई आहे. तिला रूढी पूर्ण मोडता येत नाही. लेखकाला तिला मोठी समाजसुधारक दाखवणे सहज शक्य होते. तसे दाखवले असते तर ती खरी वाटली नसती. हा प्रसंग शिकवताना आंघोळीचे वाक्य गाळू नये असं मला वाटतं. त्या काळात अस्पृश्यता किती खोल गेली होती, हे मुलांना त्याच वाक्यातून कळतं.

दुसरा घटक पात्रे. वास्तववादी पात्रात गुण असतात, दोष असतात आणि कथा संपेपर्यंत त्याच्यात थोडा तरी बदल झालेला असतो. पोहायला घाबरणारा श्याम पोहायला शिकतो. त्याचा स्वभाव एका रात्रीत पालटत नाही, पण एक पाऊल पुढे पडते.

दापोली, औंध, पुणे : संघर्ष

पालगडची शाळा संपल्यावर पांडुरंग दापोलीला शिकायला गेला. पुढे घरच्यांना खर्च झेपेना. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावर तो तिकडे गेला. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातले. कोकणातल्या मुलाला ते परक्या मुलखासारखेच. पुढे तेही सोडावे लागले आणि तो पुण्याला नूतन मराठी विद्यालयात दाखल झाला. आज हे चार ओळींत सांगून झालं. पण शिकण्यासाठी एवढ्या लहान वयात गावोगाव फिरणे, कधी स्वतः रांधून खाणे, कधी अर्धपोटी राहणे हे सोपं नव्हतं.

याच काळात, १९१७ साली, आई वारली. पांडुरंग तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे पुण्याच्या कॉलेजातून तो बी.ए. झाला आणि मग तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाला. आपला मुलगा शिकून मोठा झालेला आईने पाहिलाच नाही. हे दुःख गुरुजींच्या मनात आयुष्यभर राहिले.

आता कथेकडे येऊ. कथेला पुढे नेतो तो संघर्ष, म्हणजे अडचण किंवा ओढाताण. 'श्यामची आई' मध्ये ती तीन प्रकारची दिसते.

१) स्वतःशी संघर्ष : पोहण्याची भीती, चोरी कबूल करण्याची लाज. इथे शत्रू बाहेर नाही, मनातच आहे.

२) परिस्थितीशी संघर्ष : घरावरचे कर्ज. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो, ते घरातल्या मुलांना ऐकावे लागते. तो माणूस राक्षस नाही. तो आपली नोकरी करतोय. पण त्याच्या बोलण्याने घर हादरते.

३) समाजाशी संघर्ष : मोळीचा प्रसंग आपण वर पाहिलाच.

आणि शेवट? आई मरणाच्या दारात असते आणि श्याम दूर असतो. तो घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. किती वाचकांना वाटलं असेल की निदान शेवटची भेट तरी व्हायला हवी होती! लेखकाने ती भेट घडवली नाही. आयुष्यात जे हुकले ते कथेत खोटे भरून काढले नाही. वास्तववादी कथेचा शेवट गोड असू शकतो, पण तो ओढून-ताणून गोड केलेला नसावा.

घटना लहान, अर्थ मोठा : कथानक

कथानक म्हणजे एकामागून एक घडणाऱ्या घटनांची साखळी. मुलांना वाटतं की कथानकात अपघात, चोर-पोलीस, लॉटरी असलंच पाहिजे. गुरुजींच्या पुस्तकातली अळणी भाजीची गोष्ट बघा. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील जेवतात आणि काहीच बोलत नाहीत. तेव्हा मुलेही तशीच जेवतात. सगळ्यांची पाने झाल्यावर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते. बस्स, एवढंच घडतं. पण त्यातून त्या घरातली माणसे एकमेकांना कसे जपतात ते कळते. कोणी भाषण दिलेले नाही.

दुसरा प्रसंग श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवतो त्याचा. दापोलीत शिकत असताना तो मिळालेले थोडे थोडे पैसे साठवतो, कोट शिवून घेतो आणि भर पावसात चालत घरी निघतो. मुलाला काहीतरी हवे आहे, त्यासाठी तो काहीतरी करतो आणि वाटेत पाऊस, भरलेले पाणी अशी अडचण येते. कथानकाचे सगळे भाग या एका छोट्या गोष्टीत सापडतात. वर्गात फळ्यावर काढून बघा : इच्छा, प्रयत्न, अडथळा, शेवट.

अमळनेर : गोष्ट कोणाला सांगायची?

१९२४ साली गुरुजी खानदेशात अमळनेरला आले आणि प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आई-वडिलांपासून दूर राहणारी खेड्यापाड्यांतली मुले तिथे होती. गुरुजी त्यांच्यात स्वतःला बघत असणार. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असल्या तर ते न ओरडता स्वतःच आवरून ठेवत. आजारी मुलाची सेवा करत. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. विचार करा, रोज हाताने लिहायचं! पुढे 'विद्यार्थी' मासिकही काढले.

याच रोजच्या लिहिण्या-बोलण्यातून त्यांची भाषा घडली असावी. लहान वाक्ये, घरातले शब्द, समोर मूल बसले आहे असे समजून बोलणे. वास्तववादी कथेचा आणखी एक घटक म्हणजे भाषा आणि संवाद. पात्र ज्या घरातले, ज्या गावचे, तशी त्याची बोली हवी. कोकणातली आई पुस्तकी भाषणे देऊ लागली तर वाचकाला लगेच खोटे वाटते.

नाशिकचा तुरुंग : निवेदन

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. मग धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास झाले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या कैद्यांशी ओळख झाली, तिथे ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती ऐकता ऐकता लिहून घेतली साने गुरुजींनीच. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले ते त्यामुळे.

फेब्रुवारी १९३३. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. दिवसा तुरुंगातले काम आणि रात्री लेखन असे करत अवघ्या पाच दिवसांत, ९ ते १३ तारखेपर्यंत, त्यांनी 'श्यामची आई' चा बहुतेक भाग लिहून काढला. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले.

इथे वर्गात हमखास एक प्रश्न येतो. श्याम म्हणजे साने गुरुजीच का? उत्तर आहे, हो आणि नाही. अनुभव गुरुजींचे आहेत, आई त्यांची आहे, गाव त्यांचे आहे. पण त्यांनी मी पांडुरंग असे म्हणून आत्मचरित्र लिहिले नाही. श्याम नावाचे पात्र उभे केले. हा मोठा झालेला श्याम आश्रमात राहतो आणि रोज संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी रचना केली. म्हणून पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. खऱ्या आयुष्यात लेखक तुरुंगात होता, पुस्तकातला निवेदक आश्रमात बसला आहे. खऱ्या आयुष्यात आठवणी सरमिसळ येतात, पुस्तकात एका रात्री एकच आठवण येते.

याला म्हणतात निवेदन. गोष्ट कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि केव्हा सांगतो, हे लेखकाला ठरवावे लागते. आणि असंख्य आठवणींतून मोजक्या निवडाव्या लागतात. घरात घडलेले सगळेच्या सगळे लिहिले तर ती डायरी होईल, गोष्ट होणार नाही.

एक प्रामाणिक अडचण

काही मुले स्पष्ट सांगतात की हे पुस्तक फार रडवते. काहींना मधला उपदेश कंटाळवाणा वाटतो. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. मोठा श्याम गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून बरेच समजावत बसतो. तेव्हाच्या वाचकांना ते आवडे, आज सगळ्यांनाच आवडेल असं नाही. मुलांना गप्प करण्यापेक्षा हाच अभ्यास करावा. एका रात्रीची गोष्ट घ्या. जिथे प्रसंग दिसतो तिथे हिरवी रेघ मारा, जिथे उपदेश आहे तिथे लाल. मग विचारा, लाल भाग झाकला तरी अर्थ कळतो का? बहुतेक वेळा कळतो. कथेचा आशय प्रसंगातूनच पोहोचला की ती कथा जमली असे समजावे. आपणही मुलांना वाचून दाखवल्यावर लगेच तात्पर्य विचारतो. ते थोडं थांबून विचारलं तर बरं.

पुढचे आयुष्य

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' वर चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. ते पाहायला गुरुजी नव्हते.

त्याआधी त्यांनी एक फार मोठे काम केले होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. त्यासाठी गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. मोळीचा प्रसंग आठवा. आईने मोळी उचलायला लावली होती, पण आंघोळही सांगितली होती. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला. मात्र पुस्तक लिहिताना त्याने आईला आपल्याएवढे पुढे नेऊन ठेवले नाही, जशी होती तशी दाखवली.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. ११ जून १९५० रोजी वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

थोडक्यात घटक

- स्थळ-काळ : गोष्ट कुठे, केव्हा घडते? त्यामुळे काय घडते?
- पात्रे : गुण आणि दोष दोन्ही आहेत का?
- संघर्ष : स्वतःशी, परिस्थितीशी की समाजाशी?
- कथानक : इच्छा, प्रयत्न, अडथळा, शेवट.
- भाषा व संवाद : पात्राला शोभणारी बोली.
- निवेदन : कोण सांगतो, कोणाला सांगतो?
- आशय : उपदेश न करता काय कळले?

तुमच्यासाठी उपक्रम

१) 'श्यामची आई' मधील कोणतीही एक रात्र वाचा आणि वरील सात घटक शोधून तक्ता करा.
२) श्यामची एखादी चूक निवडा. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते ते पाच ओळींत लिहा.
३) आपल्या घरातला या महिन्यात घडलेला एक लहान प्रसंग लिहा. जादू नको, तात्पर्यही नको. कोणाला संकोच वाटत असेल तर गुरुजींसारखे पात्राचे नाव बदला.

तिसरा उपक्रम मी त्या मुलाला आधीच दिला होता. दोन दिवसांनी त्याने अर्धे पान आणून दाखवले. पाऊस आला की पत्रा तीन ठिकाणी गळतो आणि घरात रिकामी भांडी दोनच असतात. तिसऱ्या गळतीखाली काय ठेवायचे यावरून त्याचे आणि बहिणीचे भांडण होते, असे त्याने लिहिले होते. गोष्ट तिथेच थांबली होती. मी खाली लाल पेनने एवढेच लिहिले की पुढे काय झाले ते उद्या सांग.

तुमच्या गोष्टींचीही वाट पाहते.